पहिलं पाणी

३ मार्च, सोमवार

ताईला खिडकी मिळाली! महिनाभर सिस्टरच्या मागे भुणभुण लावली होती, आज त्या स्वतःहून म्हणाल्या, "घ्या बाई एकदाची, कान किटले माझे." डायलिसिसच्या हॉलमधली अगदी शेवटची खुर्ची. पलीकडे आणखी एक होती, ती मोडली म्हणून काढून टाकली, त्यामुळे कोपरा चांगला ऐसपैस आहे. खिडकीतून एक झाड दिसतं, समोरच्या शाळेचं मैदान दिसतं. शिवाय सोमवारची सकाळची पहिली पाळी, म्हणजे माझी ड्यूटी सुरू होईपर्यंत मला तिच्यापाशी बसता येईल. याच दवाखान्याच्या लॅबमध्ये एवढी वर्षं जंतू वाढवत बसले, त्याचा घरच्या माणसाला इतका तरी उपयोग झाला.

ही खुर्ची रिकामी का होती, तर म्हणे तिथे वारा लागतो. आधीच्या आजोबांना सोमवारी हमखास हुडहुडी भरायची, शेवटी वैतागून त्यांनी जागा बदलून घेतली. त्यांच्या आधीच्या बाईंचंही तेच. नाजूक माणसं! मी घरून जाड शाल आणली आणि ताईच्या पायांवर घातली. मिटला प्रश्न.

"शहाणे, तुझ्यासारखा वशिला असल्यावर मला काय कमी," ताई म्हणाली. लहानपणापासून ती मला शहाणीच म्हणते. त्यात निम्मं कौतुक असतं आणि निम्मी थट्टा. ही वहीही तिनेच दिली. जगावर ओरडत फिरतेस त्यापेक्षा यात लिही, वही उलटून बोलत नाही, असं म्हणाली. तर लिहिते.

तिच्या दोन्ही हातांच्या शिरा बाद झाल्या आहेत. आता गळ्याखाली छातीत एक नळी बसवली आहे. सोमवारी आणि गुरुवारी तिच्यातून रक्त बाहेर येतं, मशीनमध्ये धुतलं जातं आणि परत आत जातं. किडनीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, ही शेवटची जागा. ही नळी गेली तर दुसरी घालायला शीर उरलेली नाही. म्हणून तिला आम्ही तळहातावरच्या फोडासारखं जपतो.

घरी नळीवरची पट्टी भाऊजी बदलतात. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, हात मोठा हलका. पट्टी झाली की तिचा हात हातात घेऊन नुसते बसतात. बोलत नाहीत, काही नाही. मला असं बसताच येत नाही.

१० मार्च, सोमवार

मशीन लावून थोडा वेळ झाला नाही तोच ताईचे दात वाजायला लागले. मी शाल वर ओढली, खिडकी लावली, तरी खुर्ची हलत होती इतकी ती थरथरत होती. मग सडकून ताप. सिस्टरनी इंजेक्शन दिलं, रक्त तपासणीला पाठवलं. संध्याकाळपर्यंत सगळं शांत. भाऊजी तिला न्यायला आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "खिडकीचं भाडं भरलं हो आज."

माझं डोकं मात्र भणभणतंय. हा नळीचाच ताप. नळीत काहीतरी शिरलंय.

११ मार्च, मंगळवार

आज पाण्याचे नमुने. डायलिसिसला जे पाणी लागतं ते खालच्या प्लांटमध्ये शुद्ध होऊन नळ्यांमधून खुर्च्यांपर्यंत येतं. प्रत्येक खुर्चीमागे भिंतीत एक तोटी आहे. दर मंगळवारी त्या तोट्यांचं पाणी मी तपासते, आणि हे काम दवाखान्यात माझ्याइतकं कुणी नीट करत नाही. हे मी नाही म्हणत, आमच्या लॅबच्या मॅडम म्हणतात. नव्या मुलींना आणून उभं करतात, "बाईंचा हात बघा."

तोटी स्पिरिटने पुसायची, वाळू द्यायची. मग पूर्ण सोडायची आणि भरपूर पाणी वाहू द्यायचं. तोंडाशी साचलेलं, बसलेलं, कुणाच्या हाताचं लागलेलं सगळं निघून गेलं की मग बाटली धरायची. नियमच आहे तसा. पण मला तो कुणी शिकवावा लागला नाही. आमच्या आईचा तो हुकूम होता, पहिलं पाणी सोडून द्यायचं. तांब्या नळाखाली थेट धरला की पाठीत धपाटा. "पहिलं पाणी आपलं नाही गं." ताई आणि मी अजून तसंच करतो, भाऊजींनाही तसंच लावलंय.

नमुने नेहमीसारखेच येतील, स्वच्छ. पाण्याकडे बोट दाखवायची सोय मी कुणाला ठेवलेली नाही.

१७ मार्च, सोमवार

परत हुडहुडी, परत ताप. गुरुवारी दुपारच्या पाळीत बसली होती तेव्हा चांगली हसत-खेळत होती, शाळेच्या मैदानावर पडलेल्या मुलाची नक्कल करून दाखवत होती. आणि आज पुन्हा हे. माझ्या हातातला चहा तसाच गार झाला.

२० मार्च, गुरुवार

रक्ताचा रिपोर्ट आला. मीच वाचला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. जंतू सापडला. ओल्या जागेत राहणारा आहे. बेसिन, फुलदाणी, ओला फडका, ओले हात. ओले हात म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला.

दुपारी सरळ भाऊजींच्या दुकानात गेले. डोळ्याला भिंग लावून बसले होते. म्हटलं, हात दाखवा. त्यांनी दाखवले. नखांच्या कडेला काळी रेघ, घड्याळाच्या तेलाची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"याच हातांनी पट्टी बदलता?"

"साबणाने धुतो गं. दोनदा धुतो."

"मग ताईच्या रक्तात ते आलं कुठून? पाणी मी तपासलंय. मशीन सिस्टरच्या ताब्यात. राहिलं कोण?"

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. असू दे. मी सांगून टाकलं, यापुढे पट्टी मी बदलणार. "तुम्ही हात लावायचा नाही. नळीला नाही, कपड्यांना नाही, तिलाही नाही. हा जंतू पूर्ण जाईपर्यंत."

भाऊजी भिंग काढून म्हणाले, "बरं."

एवढंच. भांडला असता माणूस तर बरं वाटलं असतं. गुन्हा कबूल असल्यासारखं "बरं" काय!

२२ मार्च, शनिवार

पट्टी बदलायला गेले. ताई माझ्यावर रुसली होती, पण तिचा राग टिकत नाही.

"त्यांच्या अगदी हात धुऊन मागे लागलीस," म्हणाली. "ते दिवसभर हातच धूत बसलेत बघ."

खरंच मोरीतून पाण्याचा आवाज येत होता.

मग विचारायला लागली, नळीत आहे तरी काय. तिला गप्पा लागतात, मग विषय जंतूंचा का असेना. मी सांगितलं, एकटा जंतू कुठे टिकत नाही, पाण्याबरोबर वाहून जातो. पण एखाद्याला भिंत सापडली की तो चिकटतो, अंगातून चिकट लाळ सोडतो. त्या चिकट्यात दुसरा येऊन बसतो, तिसरा बसतो. निरनिराळ्या जातीचे येतात. बघता बघता थर तयार होतो.

"म्हणजे भाडेकरूच की. आणि भांडतात का गं?"

"भांडतात तर! एकमेकांवर विष सोडतात, एकमेकांचं खाणं पळवतात. कुणी वरची जागा धरतो, कुणाला तळाशी ढकललं जातं. पण एकाचं उष्टं दुसरा खातो, त्यामुळे कुणी कुणाला पुरता मारत नाही. आणि बाहेरून औषध आलं की सगळ्यांचं छप्पर एकच. वरचे मरतात, त्यांच्या आडोशाला खालचे जगतात."

"आणि तळाशी ढकललेले बिचारे?"

"तेच तर चिवट. अर्धपोटी असतात, हलत नाहीत, वाढत नाहीत, नुसते पडून राहतात. औषध मारतं ते खाणाऱ्याला, वाढणाऱ्याला. या उपाशी लोकांचं ते काही करू शकत नाही. औषध संपलं की हे उठतात आणि परत घर भरतं. म्हणून तुझा ताप जातो आणि येतो."

ताई छातीवरच्या पट्टीकडे बघून म्हणाली, "माझे भाडेकरू जागा सोडणारे दिसत नाहीत मग."

मी तिला रागावले. अभद्र बोलायचं नाही म्हटलं.

निघताना भाऊजी दारात उभे होते, दोन्ही हात पँटच्या खिशात घालून. आपल्याच घरात पाहुण्यासारखे. फुगलेत. फुगू देत.

२४ मार्च, सोमवार

पुन्हा ताप! मी स्वतः पट्टी बदलली होती, हातमोजे घालून, तोंडाला मास्क लावून. म्हणजे याचा अर्थ एकच, मागून चोरून हात लावला असणार. मी फोन करून विचारलं. भाऊजी म्हणाले, "नाही गं. मी पलंगावरसुद्धा बसत नाही. खुर्ची लांब ठेवून बसतो." आवाज असा काढला की मलाच अपराध्यासारखं वाटावं. ताईला विचारलं तर ती माझ्यावर भडकली. कुठेतरी पाणी मुरतंय नक्की.

त्यात सिस्टरनी डोकं खाल्लं. "अहो, या कोपऱ्यातल्या तोटीचं पाणी तरी बघा एकदा." म्हटलं, दर मंगळवारी बघते ते काय डोळे मिटून? पण त्या हटेनात. तिकडे ताई थरथरतेय, इकडे या बोलतायत. मी खिशातली बाटली काढली, तोटी फिरवली आणि तशीच भरली, त्यांचं तोंड बंद करायला. पुसणं नाही, वाहू देणं नाही, काही नाही. लॅबमध्ये जंतू वाढवायच्या नेहमीच्या प्लेटा संपल्या होत्या. कपाटात पाण्यासाठीच्या जुन्या प्लेटा पडून होत्या, त्यांत खाद्य अगदी नावापुरतं आणि आठवडाभर थांबावं लागतं म्हणून आम्ही त्या वापरत नाही. त्यांच्यावरच टाकलं आणि विसरून गेले.

३१ मार्च, सोमवार

आज नुसता ताप नव्हता. ताईचं ब्लडप्रेशर एकदम खाली गेलं, डोळे फिरले. मी तिचे पाय वर धरून उभी होते आणि सिस्टर धावत होत्या. आता तिला वॉर्डात ठेवलंय. ताप उतरला की खुर्चीवर, चढला की पलंगावर.

किडनीचे डॉक्टर म्हणाले, नळी काढायला हवी. काढल्याशिवाय जंतू जाणार नाही. मी म्हटलं, मग नवी कुठे घालणार? आधी मोठ्या औषधाने वाट बघू, असं ठरलं.

भाऊजी वॉर्डाच्या दारात खिशात हात घालून उभे.

१ एप्रिल, मंगळवार

इनक्युबेटरच्या बाहेरच्या फळीवर ती सिस्टरच्या हट्टापायी भरलेली प्लेट सापडली. बघितली आणि कानशिलं गरम झाली. मोजता येऊ नयेत इतके जंतूंचे ठिपके. गुलाबी, पिवळे, सगळी प्लेट भरलेली. पिवळ्यांभोवती गुलाबी फिरकत नव्हते, पण दोघांनी मिळून मोकळी जागा ठेवली नव्हती.

घाणेरडी भरली की अशीच येणार बाटली! माझ्या हाताची, तोटीच्या तोंडाची सगळी घाण तिच्यात. कुणी बघितलं असतं तर इतक्या वर्षांचं नाव मातीत गेलं असतं. नव्या मुलीला अशा कामाबद्दल मी दिवसभर उभं केलं असतं. गुपचूप प्लेट वाफेच्या भांड्यात टाकून मारली आणि फेकली. मग कोपऱ्यातल्या तोटीवर जाऊन नमुना परत घेतला, नियमाने. स्पिरिट, वाळवणं, आणि रागाच्या भरात नेहमीपेक्षा जास्तच पाणी सोडून दिलं.

३ एप्रिल, गुरुवार

परत घेतलेला नमुना स्वच्छ. एक ठिपका नाही. जीव भांड्यात पडला.

७ एप्रिल, सोमवार

वॉर्डातून ताईला खाली नेलं. सिस्टर म्हणत होत्या की आज दाराजवळची खुर्ची रिकामी आहे, तिथे बसवू, चाकांची खुर्ची न्यायला सोपं. मी म्हटलं नाही, तिला तिची खिडकीच द्या. एवढं एक सुख आहे तिला. सिस्टरनी दिली.

ताप आला. आजचा ताप वाईट होता. उतरल्यावरही ताई नीट बोलेना. डोळे मिटून म्हणाली, "त्यांना जवळ येऊ दे ना गं."

भाऊजी काचेच्या पलीकडे होते.

"थोडे दिवस थांब," मी म्हटलं. "एवढं सोसलंस, आता कडेला येऊन घाण नको करूया."

"शहाणी ती," ताई म्हणाली. या खेपेला त्यात कौतुक किती होतं, कळलं नाही.

९ एप्रिल, बुधवार

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

खिडकीखाली भिंतीतून पाणी ठिबकत होतं म्हणून प्लांटवरचा टाकीवाला नळी बदलायला आला. मी ताईची शाल न्यायला तिथे गेले होते. त्याने भिंतीवरचं झाकण काढलं. कोपऱ्यातल्या तोटीच्या पुढे नळीचा एक हातभर तुकडा होता, टोकाला बूच मारलेला. त्या काढून टाकलेल्या खुर्चीचा. खुर्ची नेली, नळी कुणी नेली नाही. टाकीवाला म्हणाला, "असू दे म्हटलं तेव्हा, काय खातेय?" त्याने तो तुकडा कापला आणि माझ्या पायापाशी ठेवला.

आतलं पाणी बघितलं, काचेसारखं स्वच्छ. मग मी बोट आत घातलं. बुळबुळीत. नखाने ओढलं तर सायीसारखा थर निघाला.

लॅबमध्ये नेऊन बघितला. सगळे होते. लांबट, आखूड, एकमेकांत रुतलेले. त्यावर आमचं जंतुनाशक ओतलं, टाकीवाला महिन्याला सोडतो तेच, आणि वाट बघून परत बघितलं. वरचे मेलेले. तळाचे जिवंत होते.

त्या बुचाच्या टोकाशी पाणी फिरत नाही. रविवारी तर सगळा हॉलच बंद, कुठलंच पाणी फिरत नाही. रविवारभर तिथे यांचं राज्य. सोमवारी सकाळी पहिली पाळी सुरू झाली की जे सुटं झालेलं असतं ते पहिल्या पाण्याबरोबर शेवटच्या खुर्चीच्या मशीनमध्ये. मशीनमधून रक्तात. एकदा रक्तात आलं की ताईच्या छातीतली नळी आहेच, चिकटायला भिंत.

आणि मी मंगळवारी जाते. मंगळवारी! सबंध सोमवार पाणी वाहून गेल्यावर. आणि वर स्वतः आणखी वाहू देते. जे माझ्या बहिणीच्या अंगात जात होतं तेच मी बाटली धरण्याआधी मोरीत सोडत होते, दर आठवड्याला, काटेकोर. एकदाच चुकून खरा नमुना घेतला, तर तो मीच मारून फेकला.

तिला खिडकी मीच मिळवून दिली. पहिली पाळीही मीच.

१० एप्रिल, गुरुवार

मॅडमकडे गेले. नळीचा तुकडा टेबलावर ठेवला. त्यांनी दार लावून घेतलं.

"तुमची पद्धत नियमाला धरून आहे. तुमची चूक नाही," म्हणाल्या. "नळी कापली, झालं. रविवारी सगळी लाइन धुऊन घेऊ."

"आणि लोकांना सांगायचं?"

"काय सांगायचं? हॉल बंद केला तर हे लोक जाणार कुठे? दोन वेळा डायलिसिस चुकलं तर मरतील. बोभाटा करून कुणाचं भलं होणार आहे?"

सिस्टरही आत आल्या होत्या. त्या माझी बाजू घेतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "आपण आपल्या माणसांना सांभाळायचं, बाई. तुम्हालाही सगळे सांभाळतीलच." टाकीवाला खाली मान घालून उभा होता. कालपर्यंत तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. सिस्टर मॅडमना पाण्यात पाहतात, टाकीवाल्याला दोघी शिव्या देतात. आज तिघांचा सूर एक. आणि माझ्यासाठीही त्यांनी जागा केली होती, खुर्ची पुढे सरकवली होती. खोटं कशाला लिहू, क्षणभर बरं वाटलं मला. बसले त्या खुर्चीवर.

मग उठले आणि किडनीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तुकड्यात बोट घालून बघितलं. हॉल आजपासून बंद केला. रोग्यांना पलीकडच्या गावातल्या दवाखान्यात न्यायला गाड्या ठरवायला घेतल्या. ते आजोबा गाडीत चढताना मला म्हणाले, "त्या खुर्चीत वारा लागायचा हो." मी मान हलवली.

ताईची नळी काढायची ठरली. मांडीत तात्पुरती घालून बघणार.

भाऊजींना काही सांगितलं नाही. आधी ताईचं होऊ दे. वेळ कुठे होता?

१६ एप्रिल, बुधवार

ताई शनिवारी गेली.

मांडीतली नळी चालली नाही. शुक्रवारी दुपारी ती शुद्धीवर होती. भाऊजी पलंगाशी होते, मी औषधांसाठी खाली-वर करत होते. मी परत आले तेव्हा ती डोळे मिटून पडली होती आणि भाऊजी भिंतीला टेकले होते. त्यानंतर ती बोलली नाही.

आमच्याकडे आता मी आहे आणि भाऊजी आहेत. बस.

२१ एप्रिल, सोमवार

हॉल आज सुरू झाला. नळ्या सगळ्या नव्या, बुचाचा तुकडा कुठे नाही. पहिली पाळी लागायच्या आधी मी जाऊन शेवटच्या तोटीचं पाणी घेतलं. सोडून न देता, पहिलंच. मॅडम मागे उभ्या होत्या, म्हणाल्या, "ही पद्धत नाही." मी म्हटलं, "दोन्ही घेईन. तुमचं मंगळवारी." आता माझ्याबरोबर कुणी जेवायला बसत नाही. डबा खाल्ला एकटीने.

भाऊजींकडे जायचंय. कालही जायचं होतं. त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. भित्री कुठली.

२७ एप्रिल, रविवार

आज गेले.

भाऊजींनी दार उघडलं. ताईची खुर्ची खिडकीपाशी ओढून ठेवलेली. टेबलावर घड्याळं पडली होती, उघडी. मी विचारलं, काम सुरू केलं का? त्यांनी हात पुढे केले. बोटांना भेगा पडल्यात, पेरांपाशी रक्त सुकलंय. "चिमटा धरवत नाही," म्हणाले. "तो औषधी साबण जरा कडक आहे." अजूनही दिवसभर धुतात. नखं पांढरी स्वच्छ होती.

मी उभ्याउभ्याच बोलले. बसले असते तर बोलू शकले नसते. म्हटलं, भाऊजी, ते तुमच्या हातांमुळे नव्हतं. पाण्यातून आलं, दवाखान्याच्या. तपासणारी मी होते आणि मला दिसलं नाही. मी उगाच तुमच्यावर आळ घेतला. दुकानात, लोकांसमोर. मला क्षमा करू नका हवं तर, पण तुमचे हात स्वच्छ होते, पहिल्यापासून.

ते आत गेले. नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ पाणी वाहत होतं, मग पेला भरला. बाहेर येऊन पेला माझ्यासमोर ठेवला आणि समोर बसले.

"म्हणजे मी तिला हात लावला असता तरी चाललं असतं," म्हणाले.

"हो."

घड्याळाचा बिघाड समजून घेताना करतात तशी त्यांनी मान हलवली, हळूहळू.

"शुक्रवारी तू खाली गेली होतीस ना, तेव्हा तिने हात पुढे केला होता," ते म्हणाले. "मी माझे खिशात घातले."